व्हॉल्व्ह कुणाचं ऐकतो

बायको मेली. लोक ‘गेली’ म्हणतात, मला तो शब्द आवडत नाही. गेली म्हणजे काय, कात्रपच्या मार्केटात गेली? परत यायची आहे का? मेली ती. त्यानंतर मी घरात नुसता बसून असायचो. टीव्ही चालू, आवाज बंद. मुलगी कामावरून आली की विचारायची, “पप्पा, जेवलात का?” मी हो म्हणायचो. ती सिंकमधली भांडी बघायची आणि काही न बोलता भात लावायची.

असं चाललेलं असताना एका सकाळी ती चहा घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “पप्पा, आम्ही एक चोर मागवलाय.”

“काय मागवलाय?”

“चोर. पैसे देऊन. तो आमचा व्हॉल्व्ह उघडायचा प्रयत्न करणार. येता का बघायला?”

किती महिन्यांनी मी कप खाली ठेवून कुणाकडे नीट बघितलं असेन. म्हटलं, “येतो.”

माझं शिक्षण म्हणाल तर चौथी. जन्मभर चावीवाला होतो. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्यातलं झाकण काढून व्हॉल्व्ह उघडायचा आणि वेळ झाली की बंद करायचा. बाया आधी चावीकडे बघून हसायच्या, मग माझ्याकडे. मुलगी इंजिनिअर झाली आणि तीही पाण्यातच आली, पण तिचा हात कधी ओला होत नाही. ती कंट्रोल रूममध्ये बसते. समोर मोठा पडदा, त्यावर टाक्या, पंप, पाइप सगळे काढलेले. तिनं बटण दाबलं की लांबच्या टाकीवरचा व्हॉल्व्ह मोटरनं फिरतो. कुठली योजना, कुठली टाकी, ते लिहिणार नाही. चिखलोलीच्या अलीकडे की पलीकडे, तेही नाही. सुरक्षेचं काम आहे, पोरगी ओरडेल.

“बटण दाबलं की हुकूम रेडिओवरून जातो,” तिनं मला समजावलं. “आतापर्यंत तो उघडा जायचा, पोस्टकार्डासारखा. ज्याला ती भाषा येते, असा कुणीही बाहेर उभा राहून म्हणू शकतो, ‘उघड’. व्हॉल्व्ह विचारायचाच नाही, तू कोण?”

मला रागच आला. “मी विचारायचो की! पंपावर फोन यायचा, साहेब बोलतोय, अमक्या गल्लीला सोड. मी म्हणायचो, ठेवा, मी उलटा फोन करतो. साहेब असेल तर ऑफिसात उचलेल. नाहीतर कुणी नगरसेवकाचा मेहुणा.”

“तेच आता व्हॉल्व्हला शिकवलंय. हुकमावर आमची मोहोर लागते. मोहोर जुळली तरच तो फिरणार.”

“आणि कुणी तुमचाच कालचा हुकूम हवेतून पकडून ठेवला अन् आज परत सोडला तर? मोहोर तर खरीच आहे.”

ती हसली. “वा पप्पा. हेच त्या चोराचं पहिलं काम असणार. म्हणून प्रत्येक हुकमाला नंबर असतो. एकदा वापरलेला नंबर परत चालत नाही.”

हे मला लगेच कळलं. रॉकेलच्या लाइनीत उभं राहून केस पिकलेत माझे. कार्डावर एकदा खूण झाली की तेच कार्ड घेऊन परत उभं राहता येत नाही, दुकानदार हाकलतो. एवढी मोठी विद्या आणि आतून रेशनचं दुकान! मला फार मजा वाटली.

माझं काम सोपं होतं. टाकीखाली व्हॉल्व्हजवळ उभं राहायचं आणि डोळ्यांनी बघून फोनवर सांगायचं, फिरला की नाही. पडद्यावर विश्वास ठेवायचा नव्हता, कारण चोर पडद्यालाही खोटं सांगू शकतो. कंपनीबाहेरचा साक्षीदार हवा होता आणि व्हॉल्व्ह समजणारा हवा होता. मुलगी म्हणाली, “तुम्ही ओळखता त्याला.”

ओळखतो म्हणजे काय. आमच्या घराचं पाणी त्याच टाकीचं.

इथे एक रीत सांगायला हवी. चावीवाल्यांमध्ये तिला ‘मयताचं पाणी’ म्हणतात. कुठल्या गल्लीत कुणी मेलं आणि नळाची वेळ नसली, तर चावीवाल्यानं जाऊन त्या बाजूला अर्धा तास पाणी सोडायचं. मयताला अंघोळ घालायला, आणि स्मशानातून परत येणाऱ्यांसाठी. साहेबाला विचारायचं नाही. घर कुणाचं, जात कुठली, पाणीपट्टी थकलीय का, काही विचारायचं नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला माझ्या आधीच्यानं सांगितलं, मी माझ्या कामावरच्या जोडीदाराला सांगितलं. हा जोडीदार माझ्यापेक्षा लहान, अजून कामावर आहे, त्याच टाकीवर.

माझी बायको भर दुपारी मेली. पाण्याची वेळ संध्याकाळची. शेजारणी कळशा घेऊन कुणाच्या टाकीत पाणी आहे ते विचारत फिरत होत्या, आणि आमचा नळ फुसफुसला. मग धो धो. मी चावीवाला, मला कळलं. जलदान विधीला जोडीदार आला तेव्हा मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, “वहिनीसाठी एवढं पण नाही करणार का रे?” मला वाटलं, दुखरा गुडघा घेऊन उन्हातान्हात टाकीवर गेला असेल.

तर परीक्षेचा दिवस. मुलगी कंट्रोल रूममध्ये. मी टाकीखाली, कानात वायर घालून. माझ्याबरोबर तिचा साहेब. तो उल्हासनगरचा सिंधी, मराठी चांगली बोलतो पण घाई झाली की हिंदीत उतरतो. आणि कंपाउंडबाहेर चिंचेखाली एक गाडी, त्यात चोर.

चोर म्हणजे एक बाई निघाली. चष्मा, पंजाबी ड्रेस, मांडीवर लॅपटॉप आणि गाडीच्या टपावर छोटा अँटेना. मी जाऊन बघून आलो. “तुम्ही चोर होय?”

“काका, चोर नका म्हणू. सर्टिफिकेट आहे माझ्याकडे.”

“चोरीचं सर्टिफिकेट? आमच्या वेळी नव्हतं हो असलं.”

ती एवढी हसली की लॅपटॉप घसरला. मला म्हणाली, “बघा हं, फिरवून दाखवते तुमचा व्हॉल्व्ह.” मी म्हटलं, “फिरवा की, मी इथेच उभा आहे.”

त्या दिवशी पोरीची सही होणार होती. आतापर्यंत ती दुसऱ्यांच्या सहीखाली काम करायची. ह्या वेळी कागदावर तिचं नाव येणार होतं, की ही टाकी बाहेरच्या कुणाच्याही हुकमानं हलणार नाही. सही झाली तर पुढच्या सगळ्या टाक्या तिच्याकडे. आणि सही खोटी ठरली तर तिला परत कुणी कागदाला हात लावू देणार नाही. सकाळपासून तिनं पोळीचा तुकडा तोंडात घातला नव्हता, हे मला माहीत होतं, कारण डबा मीच भरला होता आणि तो ओट्यावरच राहिला होता.

सुरू झालं. व्हॉल्व्हच्या मोटरवर एक काटा असतो, बंद आणि उघडा दाखवणारा. मी त्या काट्याकडे असा बघत होतो की पापणी मिटायची भीती वाटली.

पहिल्यांदा मुलीनं खरा हुकूम दिला. मोटर घुर्र करून फिरली, काटा उघड्यावर. मग बंद. “बरोबर,” मी ओरडलो. बाहेर गाडीत बाईनं तो हुकूम पकडला होताच. तिनं तोच परत सोडला.

“पप्पा?”

“नाही फिरला!”

परत सोडला. परत नाही. मग तिनं त्याच हुकमात काहीतरी अदलाबदल करून पाठवला. काटा जागचा हलला नाही. मग स्वतः कंट्रोल रूम असल्याचं सोंग आणलं. व्हॉल्व्ह मख्ख. मी तर क्रिकेटची कॉमेंट्री करावी तशी सुरू झालो. “अजिबात नाही! ढिम्म! बाई घाम पुसतायत! लॅपटॉप आपटतील आता!” साहेब माझ्याकडे बघून हसत होता. “अंकलजी, आवाज थोडा कम, पूरी कॉलनी को पता चलेगा.”

मग तिनं डाव बदलला. व्हॉल्व्हला सोडून पडद्याला गाठलं. कंट्रोल रूमला खोटं सांगायचा प्रयत्न केला की व्हॉल्व्ह उघडा आहे. पडद्यानं लाल पट्टी दाखवली, हा निरोप आमच्या व्हॉल्व्हचा नाही. मुलगी फोनवर अशी किंचाळली जशी लहानपणी कैरी मिळाल्यावर किंचाळायची. माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या लांबून, हवेतून, आणि आपलं कोण, परकं कोण हे लोखंडाला कळतंय!

शेवटी बाई गाडीतून उतरली, दोन्ही हात वर केले आणि आत आली. “हरले बाबा. चहा पाजा.” साहेबानं चहा मागवला. मुलगी म्हणाली, “मी कागद काढते.”

आणि मोटर घुर्र झाली.

मला वाटलं कानात वाजलं. बघतो तर काटा सरकतोय. “फिरला!” मी ओरडलो. “अगं फिरला! उघडतोय!”

“पप्पा, मस्करी नका करू.”

“मस्करी कसली! पाणी चाललंय पाइपात, आवाज ऐक!” मी फोन पाइपाला लावला.

साहेब चोरबाईकडे वळला. “मॅडम, ये क्या है? चाय के टाइम पे भी?”

तिच्या एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्यात बिस्कीट. “मी नाही केलं. लॅपटॉप बंद करून गाडीत ठेवलाय. आईशप्पथ.”

फोनवर मुलगी हळू आवाजात म्हणाली, “माझ्याकडे दिसतंय, टाकीवरून हातानं उघडला. तिथलं बटण कुणी दाबलं?”

मोटरशेजारी पॅनेलची पेटी, तिच्यावर ते बटण. बटणाजवळ कुणी नव्हतं. आम्ही तिघंच, आणि तिघंही चार हात लांब. व्हॉल्व्ह आपला आपण उघडला होता. साहेबाचा चेहरा पांढरा पडला. मी मात्र घड्याळ बघितलं. वेळ दुपारची होती, आणि दुपारी उघडण्याचं कारण एकच मला ठाऊक होतं.

कुणीतरी मेलं होतं.

साहेबानं पॅनेलचं दार उघडलं. आत सगळं नवं, चकचकीत, आणि एका कोपऱ्यात, तारांच्या मागे, एक धुळकट डबी. तिच्यावर हिरवा दिवा. शेतातले लोक पंपाला लावतात ती, मोबाइल स्टार्टर. आत सिमकार्ड असतं, फोन केला की पंप चालू, लावलेली वेळ संपली की आपोआप बंद. ह्या डबीच्या दोन तारा बटणाला जोडलेल्या. आणि झाकणावर मार्करनं मोठ्या अक्षरात त्या सिमचा फोन नंबर लिहिलेला. अक्षर मी ओळखलं. ते माझ्या जोडीदाराचं होतं.

म्हणजे माझ्या बायकोसाठी तो उन्हात कुठेही गेला नव्हता. घरी बसून त्यानं फोन लावला होता.

चोरबाईनं बिस्कीट तोंडात टाकलं, खिशातून मोबाइल काढला आणि मुलीला फोनवर म्हणाली, “बंद होऊ दे, मग मी ह्या नंबरला एक फोन करून बघते.” मुलगी म्हणाली, “थांबा, मी आलेच.” आणि ती आली. स्कूटी कशी चालवली तिचं तिला माहीत. डबीकडे बघितलं, कात्री मागितली.

“थांब,” मी म्हटलं.

“पप्पा, बाजूला व्हा.”

“काप, पण पाणी संपल्यावर काप. कुठल्यातरी घरात आत्ता कळशी लावलीय. मयताचं पाणी आहे ते.”

तिला रीत माहीत होती, माझीच पोरगी. तिचा हात थांबला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आईच्या वेळचं पाणी?”

“ह्याच डबीतून.”

आम्ही चौघं पाइपातलं पाणी ऐकत उभे राहिलो. तेवढ्यात जोडीदार आला, साहेबानं बोलावून घेतला होता. लंगडत, घामाघूम. डबी बघून म्हणाला, “हो, मीच लावली. गुडघा चालत नाही. उल्हासनगरच्या मार्केटातून आणली. पण साहेब, आज मी फोन केला नाही. शप्पथ.”

“तो किसने किया?”

जोडीदारानं मान खाली घातली. “मयताच्या सामानाचं दुकान आहे ना नाक्यावर, त्याला नंबर देऊन ठेवलाय. कोण मेलं ते त्यालाच आधी कळतं. मी झोपलेला असतो कधी.”

साहेबानं कपाळाला हात लावला. “मतलब हमने इतना बडा सिस्टम बनाया, और पानी चलाता कौन है? कफन की दुकान!”

चोरबाई भिंतीला टेकून हसत सुटली. मीही हसलो. मुलगी नाही हसली. पाणी बंद झाल्यावर तिनं चोरबाईला मान हलवून सांगितलं. बाईनं झाकणावरचा नंबर लावला. घुर्र. काटा उघड्यावर. कुणाचा फोन, कुठला फोन, डबीनं काही विचारलं नाही.

“बघा काका,” मुलगी जोडीदाराला म्हणाली, “ह्या दारातून आईला पाणी आलं, मी विसरणार नाही. पण ह्याच दारातून उद्या कुणीही अख्खी टाकी रस्त्यावर ओतेल. खालच्या दवाखान्याला थेंब राहणार नाही. मग तिथं मयत होईल ते कुणाच्या नावावर?”

जोडीदार माझ्याकडे बघायला लागला, मी त्याची बाजू घेईन म्हणून. मला त्याचा हात धरलेला आठवत होता. तरी मी म्हटलं, “पोरगी बरोबर बोलतेय. तुझी दानत चांगली, डबी वाईट.”

साहेब म्हणाला, “डबी निकालो, साइन करो, खतम. किसीको बताने की जरूरत नहीं.” आणि जोडीदाराकडे बोट केलं, “और इनको कलसे छुट्टी.”

मुलगी म्हणाली, “आज सही नाही.”

“अरे बेटा, सब पास हुआ ना!”

“रेडिओ पास झाला, साहेब. टाकी नाही झाली. आणि काकांना काढलं तर दुसरा चावीवाला दुसरी डबी बसवेल. माणसं मरायची थांबणार आहेत का? रीत चालू राहणार. मग ती आपल्याच रस्त्यानं चालू दे, मोहोर लावून.”

साहेब चिडला. दुसऱ्याकडून सही घेईन म्हणाला. ती म्हणाली, घ्या, पण डबी मी रिपोर्टात लिहिणार. चोरबाईनं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, “मीही लिहिणार.” साहेब गाडीत जाऊन बसला आणि दार आपटलं. घरी येताना मुलगी स्कूटी चालवत होती. मी मागे बसून तिच्या खांद्याला धरलं होतं. मला तिचा अभिमान वाटत होता आणि भीतीही, दोन्ही एकदम.

रात्री जेवताना ती म्हणाली, “पप्पा, सांगा मला, मयताच्या पाण्याला काय काय लागतं?” आणि मी सुटलो. कुठली लाइन, किती वेळ, वाड्यावस्तीला किती, बिल्डिंगला किती, एकाच दुपारी दोन घरी झालं तर काय. ती विचारत होती, मी बोलत होतो, आमटी गार झाली. बायको असती तर दोघांना ओरडली असती.

साहेब दोन दिवसांनी स्वतःच फोनवर आला. दुसरा सही करणारा मिळाला होता, पण रिपोर्टात डबीबद्दल वाचून त्यानं हात वर केले होते. “ठीक है बेटा,” साहेब म्हणाला, “तू जीती. पण लवकर कर.”

तिनं काम केलं ते असं. जोडीदाराच्या मोबाइलमध्ये एक बटण दिलं. ते त्याच्याच फोनवर चालतं, त्याच्याच अंगठ्यानं. त्यानं दाबलं की मागणी मोहोर लावून कंट्रोल रूमला जाते. तिथला माणूस त्याला उलटा फोन करतो, कोण मेलं विचारतो, आणि मगच व्हॉल्व्ह उघडतो. ठरलेल्या वेळेनंतर तो आपोआप बंद. दुकानदारानं पूर्वीसारखाच जोडीदाराला फोन करायचा, माणसानं माणसाला. उलट्या फोनची गोष्ट ऐकल्यावर मी घरभर फिरलो. शेजारच्या बाईला सांगितलं, खालच्या किराणावाल्याला सांगितलं. किराणावाला म्हणाला, “काका, मला काही समजलं नाही, पण तुम्ही खूश आहात ना?”

जोडीदार खूश नव्हता. “मरायलापण ओटीपी लागणार का आता?” मी म्हटलं, “तुला नाही लागणार, तू बिनधास्त मर. मी दाबतो बटण.” त्यानं मला अशी शिवी दिली की बरं वाटलं.

दुसऱ्या परीक्षेला साहेब दाल-पकवान घेऊन आला, म्हणजे राग गेला होता. चोरबाई ह्या वेळी जास्त तयारीनं आली होती. रेडिओ तर केलाच, मग जोडीदाराच्या मागे लागली. त्याच्या नावानं खोटी मागणी पाठवली. खरी मागणी पकडून परत पाठवली. त्याचा मोबाइलच मागून घेतला आणि आपल्या अंगठ्यानं दाबून बघितला. शेवटी कंट्रोल रूमला फोन लावून जोडीदाराच्या आवाजाची नक्कल केली, लंगडत्या माणसासारखा दम लागल्याचं सोंगसुद्धा. तिथला माणूस म्हणाला, “ठेवा काका, मी उलटा करतो.” आणि जोडीदाराच्या खिशात घंटी वाजली.

मी उड्या मारल्या. ह्या वयात, टाकीखाली, खऱ्याखुऱ्या.

“पप्पा,” मुलीचा आवाज कानात आला, एकदम बारीक, “काय दिसतंय? नीट बघून सांगा. पॅनेल पण बघा. आत बघा.”

मी पॅनेलचं दार उघडलं. कोपरे बघितले, तारांच्या मागे हात घातला, वर, खाली, सगळीकडे. काही नव्हतं. मग मोटरजवळ आलो आणि वाकून बघितलं.

“काटा बंदवर आहे,” मी म्हटलं. “आत आपल्याशिवाय कुणी नाही. कर सही.”

कंट्रोल रूममध्ये टाळ्या वाजल्या, आणि इकडे साहेब पकवानाचा तुकडा हातात घेऊन ओरडला, “हो गया! हो गया अंकलजी!” मी त्याच्या हातातला तुकडा घेतला आणि खाल्ला.